पायी वारी आणि पायांची काळजी

ज्येष्ठ महिना जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टर, यंदा आम्ही चौघे मित्र आळंदीहून पायी निघणार आहोत. झेपेल ना?" विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी शेती मुलाच्या हाती सोपवून मोकळा झालेला. बहुतेकांना ‘झेपेल’ असेच उत्तर द्यावे लागते, पण ते तयारी करणाऱ्यासाठी आहे.

काही वर्षांपूर्वी असेच चार मित्र निघाले. त्यांतील एकाला दहा वर्षांपासून मधुमेह होता. वारीसाठी म्हणून त्याने नवे बूट घेतले आणि तेच घालून तो निघाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगठ्याखाली फोड आला. तो दुखत नव्हता, त्यामुळे कळलाही नाही. पुढे मोजा ओला दिसला, तेव्हा गृहस्थांनी तो गुपचूप धुऊन टाकला. ‘माझ्यापायी तिघांची वारी मोडायला नको’, हा त्यामागचा विचार. पंढरपूर झाले, दर्शन झाले. घरी परतून ते माझ्याकडे आले, तोवर अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला. सोबतचे मित्र बाहेर बाकावर बसून होते. त्यांतला एक म्हणाला, "एका शब्दाने बोलला असता, तर आम्ही दोन दिवस थांबलो असतो की!"

आजचा लेख त्या न बोललेल्या शब्दासाठी आहे.

फोड का येतात?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पाऊल दोन-सव्वादोन फुटांचे धरले, तर पावणेचार ते चार लाख पावले होतात. प्रत्येक पावलाला बूट किंवा चप्पल कातडीचा वरचा थर एका बाजूला ओढते आणि आतले हाड दुसऱ्या बाजूला सरकते. हे हजारो वेळा झाले की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. हाच फोड. घामाने किंवा पावसाने कातडी भिजून मऊ झाली असेल, तर तो लवकर येतो. म्हणून पाय कोरडा ठेवणे आणि घर्षण कमी करणे, हे दोनच मुख्य उपाय आहेत.

नवी पादत्राणे वारीला नेऊ नयेत. निदान महिनाभर वापरून पायाला बसलेली असावीत. खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि वाटेतही ते सुजणारच आहेत. सुती मोजा घाम शोषून ओलाच राहतो. म्हणून दोन-तीन जोड जवळ ठेवून ओला झालेला मोजा विसाव्याच्या ठिकाणी बदलावा. कातडी एखाद्या जागी लाल होऊन चुरचुरू लागली, की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या मुक्कामावर बघू’ म्हणणाऱ्याला मुक्कामावर फोड दिसतो.

लहान फोड फोडू नये. मोठा व ठणकणारा असेल, तर वाटेतील वैद्यकीय पथकाकडून पाणी काढून घ्यावे. वरची कातडी मात्र सोलू नये, तीच उत्तम पट्टी असते. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. निघण्यापूर्वी नखे सरळ कापावीत आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी डॉक्टरांकडे करावी.

दीड महिना आधीपासून

ज्याचे रोजचे चालणे घर ते बाजार एवढेच आहे, त्याने एकदम वीस किलोमीटर चालू नये. दीड-दोन महिने आधी रोज दोन-तीन किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. शेवटी दहा-बारा किलोमीटर सलग दोन दिवस चालून पाहावे. दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात, हे महत्त्वाचे. पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा टप्पा तीस किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यातच दिवेघाटाची चढण आहे. सरावासाठी गावाजवळची एखादी टेकडीही चढावी. चालताना बोलता आले पाहिजे. अभंग म्हणता म्हणता दम लागून शब्द तुटू लागले, तर वेग कमी करावा.

पाणी आणि मीठ

आषाढात ऊन कमी असले, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापत राहते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेले असावे.

जुलाब सुरू झाले, तर जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ वाढवू नये. पाय दुखतात म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेणारे बरेच भेटतात. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, आणि रिकाम्या पोटी घेतल्यास जठरालाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार

जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना कमी होते. खडा टोचला तरी कळत नाही. अशा व्यक्तीने अनवाणी चालू नये, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रोज सायंकाळी तळपाय आरशात किंवा मित्राकडून पाहून घ्यावेत. दिवसभर चालल्याने रक्तातील साखर उतरते. म्हणून औषधाचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. थरथर, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. एकादशीच्या उपवासाबद्दलही आधीच विचारून ठेवावे.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. घाम आणि जुलाबांत त्यांनी चक्कर येऊ शकते, पण गोळी मनाने बंद करू नये. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अवाजवी दम असे काही झाले, तर तिथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन्ही पावले थोडी सुजणे नेहमीचे आहे. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

मित्रांचे काम

मित्रांसोबत चालण्याचा मोठा फायदा म्हणजे आपल्याकडे पाहणारे डोळे सोबत असतात. त्यांचा उपयोग करून घ्यावा. जोड्या ठरवाव्यात. रोज मुक्कामाच्या तळावर जेवणाआधी एकाने दुसऱ्याचे पाय पाहावेत. लाजण्यासारखे त्यात काही नाही, वारीत लोक एकमेकांच्या पाया पडतातच! प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन लिहिलेला कागद असावा. वेग ठरवायचा तो सर्वांत हळू चालणाऱ्याचा. आणि निघण्यापूर्वीच एक करार करावा: कोणाला त्रास झाला तर तो सांगेल, आणि सांगितल्यावर कोणी चेष्टा करणार नाही. एखादा टप्पा वाहनाने गेल्याने वारी मोडत नाही.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले, तर साचलेल्या पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि वेळेवर कळल्यास त्यावर उपचार आहेत.

ते मधुमेही गृहस्थ पुढच्या आषाढात पुन्हा निघाले, काही टप्पे पायी आणि काही गाडीने. रोज रात्री त्यांचे पाय तपासायचे काम बाकावर बसलेल्या त्या मित्राने स्वतःकडे घेतले होते.