प्रगत इंग्रजी शब्दसंपदा : मराठी भाषक विद्यार्थ्याच्या संदर्भात काही विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. त्यामुळे आज पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश घेणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरीही अर्थशास्त्राचे इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडताच तो अडखळतो. त्याला व्याकरण अगदीच येत नाही असे नाही, रोजच्या व्यवहारातले शब्दही येतात. अडते ते मधल्या एका थरावर. प्रस्तुत लेखात या थराचा विचार केला आहे, आणि तो केवळ इंग्रजी विभागाचा प्रश्न नाही हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

‘प्रगत’ म्हणजे काय?

प्रगत शब्दसंपदा म्हणजे दुर्मीळ व भारदस्त शब्दांचा साठा, असा समज आपल्याकडे दृढ आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांनी आणि नॉर्मन लुईस यांच्या १९४९ च्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ या, अन्यथा उपयुक्त, पुस्तकाच्या चुकीच्या वापराने तो वाढविला. विद्यार्थी रोज दहा शब्द पाठ करतो आणि निबंधात ‘च्यू’ऐवजी ‘मास्टिकेट’ लिहितो. मराठीत कोणी ‘तहान लागली आहे, उदक द्या’ म्हटले तर आपण हसू. तसेच हे आहे.

ही उपमा केवळ गमतीची नाही. घर, गृह, निवास यांतील भेद मराठी माणूस न शिकविता जाणतो. तद्भव शब्द घरगुती, तत्सम शब्द औपचारिक. इंग्रजीतही १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर असेच थर साचले. ‘आस्क’ हा मूळचा अँग्लो-सॅक्सन, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ थेट लॅटिन वळणाचा. विचारणे, प्रश्न करणे, पृच्छा करणे हा क्रम विद्यार्थ्यासमोर मांडला की कोणता शब्द कोठे शोभेल याची जाण त्याला स्वतःच्या भाषेतूनच मिळते.

मग शिकावयाचे कोणते शब्द? मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये कला, वाणिज्य, विधी व विज्ञान या चार शाखांतील पस्तीस लाख शब्दांचा मजकूर तपासून, वेस्ट यांच्या सूचीत नसलेली पण चारही शाखांत वारंवार येणारी ५७० शब्दकुले निवडली. ॲनलाइझ, कन्सेप्ट, सिग्निफिकंट, फॅक्टर, इम्प्लाय अशी ती साधी, अनाकर्षक कुले आहेत. परंतु तेवढ्यांनीच शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापलेला आढळला. वाणिज्य शाखेत तर हे प्रमाण सुमारे बारा टक्के होते. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार लिखित इंग्रजी बहुतांशी विनासायास कळण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. तो पल्ला लांबचा आहे. ५७० चा मात्र तीन वर्षांत गाठता येण्याजोगा आहे.

मराठी : अडसर की आधार?

इंग्रजी शिकताना मराठी विसरा, असा सल्ला अजूनही दिला जातो. प्रस्तुत लेखकास तो अमान्य आहे. लेखाशास्त्रातील ‘डिप्रिशिएशन’ हा शब्द विद्यार्थी घोकतो, पण त्यातून त्याला काहीच दिसत नाही. ‘घसारा’ म्हटले की झिजणारे यंत्र डोळ्यांसमोर येते. त्यानंतर ‘किंमत’ या अर्थाचा लॅटिन शब्द मुळाशी आहे, त्याच्यापासूनच ‘प्रेशस’ आणि ‘अप्रिशिएट’ झाले, हे सांगितले तर एकाच्या जागी तीन शब्द पक्के होतात.

ज्यांना थोडेफार संस्कृत अवगत आहे त्यांच्यासाठी तर मोठे दालन खुले आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाकडे लक्ष वेधले. त्याचा वर्गात उपयोग आपण क्वचितच करतो. दंत आणि डेंटल, मृत आणि मॉर्टल, अग्नी आणि इग्नाइट, स्वप्न आणि इन्सोम्निया, विधवा आणि विडो ही नाती सिद्ध आहेत. उपसर्गांत ‘अंतर्’ व ‘इंटर’, ‘उप’ व ‘हायपो’, ‘परि’ व ‘पेरि’ ही भावंडे. ‘परिमिती’ आणि ‘पेरिमीटर’ शेजारी लिहिले की शब्दाचे दोन्ही घटक जुळतात. ‘अनामिक’ आणि ‘अनॉनिमस’ यांचेही तसेच. मात्र येथे संयम हवा. ‘समिती’ आणि ‘कमिटी’ यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. नाते कोशात तपासूनच सांगावे.

मराठी आड येते ती शब्दांच्या जोड्यांत. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून विद्यार्थी ‘गिव्ह’ वापरतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. दुसरी अडचण मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची. मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्याला ‘सोसायटी’ म्हणजे आपली इमारत. समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला तो शब्द नव्याने शिकावा लागतो. ‘हॉटेल’, ‘डाऊट’, गाडीचे ‘ॲव्हरेज’ हे असेच ओळखीचे वाटणारे पण अर्थ बदललेले शब्द आहेत. त्यांच्याबाबतीत विद्यार्थी कोश उघडतच नाही.

शब्द कसे रुजतात?

आपल्या परिसराचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. या दोनशे वर्षांच्या संपर्काने उत्तनपासून वसईपर्यंतच्या बोलींवर आपला ठसा ठेवला. पगार, चावी, इस्त्री, पाव, बटाटा हे पोर्तुगीज शब्द तर साऱ्या मराठीने आपले मानले. ते कोणी यादी करून पाठ केले नव्हते. वस्तू हातात आली, काम पडले, शब्द पुनःपुन्हा कानी पडला. एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाविषयी जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांतून हेच निघते की एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते.

वर्गात काय करावे? शब्द एकटा न देता त्याचे कुल द्यावे : ॲनलाइझ, ॲनॅलिसिस, ॲनलिटिकल. आघात कोठे सरकतो तेही मोठ्याने उच्चारून दाखवावे. विद्यार्थ्याने शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य वहीत उतरावे व त्याखाली स्वतःचे एक वाक्य लिहावे. कोश दोन असावेत. प्रथम वर्षात इंग्रजी-मराठी कोश चालेल, नव्हे तो हवाच. पुढे हॉर्नबी यांच्या परंपरेतील, सोप्या इंग्रजीत अर्थ सांगणारा विद्यार्थिकोश हाती द्यावा.

परंतु हे इंग्रजीच्या प्राध्यापकाने आठवड्याच्या मोजक्या तासिकांत करावे ही अपेक्षा अवास्तव आहे. ‘इलॅस्टिसिटी’ पदार्थविज्ञानात एक आणि अर्थशास्त्रात दुसरी. ‘सिग्निफिकंट’चा संख्याशास्त्रातील अर्थ ‘महत्त्वाचे’ असा नाही. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, हे शाळेत शिकलेला विद्यार्थी १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातील ‘प्रतिफल’ या अर्थापाशी थबकतो, आणि त्याचे थबकणे विषय न समजल्याचे लक्षण मानले जाते. वस्तुतः त्याला करार समजलेला असतो, शब्द समजलेला नसतो. उत्तरपत्रिका तपासताना हा भेद ओळखता येतो तो त्या विषयाच्या अध्यापकालाच.

प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने सत्रारंभी आपल्या पहिल्या प्रकरणातील दहा-बारा शब्द निवडून, त्यांचे मराठी प्रतिशब्द भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतून काढून विभागाच्या फलकावर लावले, तर इंग्रजी विभागाला पुढील कामाची दिशा मिळेल. या कोशांच्या प्रती अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत धूळ खात आहेत. त्या संदर्भ-कक्षातून काढून विभागांत ठेवण्यास वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.