लाभ, दोन, तीन

जामनेरहून एका वर्कशॉपवाल्या वाचकाचा फोन आला. प्रश्न एका वाक्यात संपला: "भाऊ, नवा माऊस जुन्या मशीनला चालत का नाही? पिन तर बसते!"

पिन बसत होती, कारण त्यांनी दुकानातून यूएसबी माऊस आणला होता, त्याला यूएसबीचं पीएस-टू करणारं अडॅप्टर लावलं होतं आणि त्यापुढे पीएस-टूचं नऊ पिनांत रूपांतर करणारं दुसरं. ही अडॅप्टरं म्हणजे नुसत्या तारा असतात. ज्या माऊसच्या पोटातल्या चिपला दोन्ही बोली येतात त्याच्याच कामाची. बाकीच्यांचं 'सोयरीक जुळली, पण बोलणंच होईना' असं होतं.

मशीन नव्वदच्या दशकातलं सीएनसी मिलिंग. त्यावर ठिबकच्या जोडण्यांचे साचे निघतात. लोखंड ठणठणीत, स्पिंडलला आवाज नाही. कंट्रोलर म्हणजे डॉसवर चालणारा जाडजूड पीसी; यूएसबी हा शब्द त्याने ऐकलेलाच नाही. माऊस मेला तेव्हा एका एजंटाने पूर्ण कंट्रोलर बदलण्याचं कोटेशन दिलं, आकडा लाखांत. सोबत 'इंडस्ट्री फोर पॉइंट ओ'चं गुळगुळीत पुस्तक फुकट. उंदराला भिऊन घर बदलावं, त्यातला प्रकार.

माझ्या माळ्यावर एक जुना सीरियल माऊस होता. तो पिशवीत टाकून पाचोऱ्याला उतरलो. इथून जामनेरला पूर्वी पीजे होती, छप्पन्न किलोमीटरची ती चिमुकली रेल्वे. करोनात थांबली, म्हणून एसटी धरली.

वर्कशॉपात पोचल्यावर आधी तिथला मेलेला माऊस उलटा करून गोळी काढली. आत दोन बारीक रोलर, एकमेकांशी काटकोनात. एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. दोन्हींवर मळ गुंडाळून बसला होता, तो नखाने काढला. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचांची चकती. चकतीच्या एका बाजूला अवरक्त दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे दोन डोळे, पाव खाचेच्या अंतराने बसवलेले. खाच आधी कोणत्या डोळ्यासमोरून गेली यावरून दिशा कळते आणि किती खाचा गेल्या यावरून अंतर. हे दाखवल्यावर ऑपरेटर दादा हसले, "अहो, हा तर आपला एन्कोडर!" अगदी बरोबर. मशीनच्या सर्व्हो मोटरच्या शेपटीला असलेला एन्कोडर बहुतेक ठिकाणी याच युक्तीवर चालतो. पॅनेलवर टकटक फिरणारं हँडव्हीलही तसंच. म्हणजे मेलेला माऊस त्या मशीनचा परका नव्हता, चुलतभाऊ होता.

आता त्याची बोली. माऊस हलला की तीन अक्षरं पाठवतो. पहिल्यात बटणांची अवस्था आणि दोन्ही आकड्यांचे वरचे दोन-दोन बिट, दुसऱ्यात आडव्या सरकण्याचा उरलेला भाग, तिसऱ्यात उभ्याचा. पण ऐकणाऱ्याला पहिलं अक्षर कोणतं हे कसं कळणार? मध्येच एक अक्षर गळालं तर आडवं उभ्यात जाईल आणि बाण पडद्यावर भरकटेल. यावरचा उपाय आपल्या खळ्यावर फार पूर्वीपासून आहे. धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मध्येच कोणी गोंधळ घातला तरी 'लाभ' ऐकू आलं की नवी मोजणी सुरू झाली हे आंधळ्यालाही कळतं. माऊसच्या पहिल्या अक्षरात सर्वांत वरचा बिट १ असतो, पुढच्या दोघांत ०. तोच त्याचा 'लाभ'.

वेग सेकंदाला १२०० बिट. एका अक्षराला पुढचा-मागचा बिट धरून नऊ, तीन अक्षरांना सत्तावीस. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४४ निरोप. पडद्यावर बोट ठेवून काम करायला तेवढे पुष्कळ.

आणि गंमत पुढेच आहे. या तीन अक्षरांसारखंच तीन माणसांनी मिळून कटर हलवायचा, एकाने आकडे पुकारायचे, दुसऱ्याने आडवं हँडल फिरवायचं, तिसऱ्याने उभं, हा प्रकार सीएनसीच्या जन्मकथेतच आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या वक्र आकृतीवरचे मोजके सतरा बिंदू नकाशावरून घ्यायचे आणि बाकी हाताने जुळवायचं, अशी पद्धत होती. त्याचा सहकारी फ्रँक स्ट्यूलन याने पंचकार्डाच्या यंत्रावर दोनशे बिंदू काढले आणि मग हे तिघांचं पुकारणं सुरू झालं. पुकारणाऱ्याच्या जागी कार्ड बसवलं तर? हाच तो विचार. १९४९मध्ये हवाई दलाचं काम मिळालं, पार्सन्सने त्यातला भाग एमआयटीला दिला. पुढे करार थेट एमआयटीशी झाला आणि १९५२च्या प्रात्यक्षिकात नाव एमआयटीचं गाजलं. कॉलेजची पदवी नसलेला पार्सन्स बाजूला पडला. १९५८मध्ये पेटंट मिळालं, राष्ट्रीय पदक १९८५मध्ये. सीएनसी शिकवणाऱ्या किती वर्गांत त्याचं नाव घेतलं जातं? मी विचारलेल्या एकाही मुलाला ते माहीत नव्हतं.

तर, मूळ मुद्द्यावर. माझा माऊसही चालेना.

सीरियल माऊसला स्वतंत्र वीज नसते, हे इथे महत्त्वाचं. तो पोर्टाच्या दोन संकेततारांवरून, चौथ्या आणि सातव्या पिनेवरून, काही मिलिअँपियर वीज चोरून जगतो. उणे दाबासाठी तिसऱ्या पिनेचा आधार घेतो. मल्टिमीटर लावला. पॅनेलजवळ सातव्या पिनेवर अकरा व्होल्ट. माऊस जिथे जोडला तिथे शून्य. मधली तीन मीटरची वायर कुठून आणली विचारलं, तर प्रोग्रॅम चढवायच्या कामाची, जुनीच, तिची पिन बसली म्हणून वापरली. टोपी उघडली. आत फक्त दोन, तीन आणि पाच या तारा पुढे गेलेल्या, त्याही दोन-तीनची अदलाबदल करून. चार-सहा-एक आणि सात-आठ त्याच टोकाला एकमेकांत जोडून बंद केलेले. प्रोग्रॅम पाठवायला ही वायर उत्तम. माऊसची मात्र उपासमार.

नऊच्या नऊ तारा सरळ जोडलेली वायर लावली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा सुरू करणं गरजेचं, कारण ड्रायव्हर चढताना सातवी पिन खाली-वर करतो आणि माऊसकडून 'एम' हे एक अक्षर, म्हणजे ७७, ऐकतो.  ते अक्षर ऐकू आलं नाही, तर मशीनच्या लेखी माऊस नाहीच. या खेपेला ऐकू आलं. बाण हलला.

नवा यूएसबी माऊस वापरायचाच असेल, तर मधे एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवावा लागतो. तो एका कानाने यूएसबी ऐकतो आणि दुसरीकडे हीच तीन अक्षरं बोलतो. त्याची वीज मात्र बाहेरून द्यायची, पोर्टाच्या चोरीवर त्याचं पोट भरत नाही. आयटीआयची मुलं हे एका रविवारी करतील.

तुमच्या माळ्यावर पोटात गोळी असलेला, शेवटी नऊ छिद्रांची चपटी पिन असलेला माऊस पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. आधी तालुक्यातल्या एखाद्या वर्कशॉपात विचारा.