मागे राहिलेले साडेसहा
(केंद्रकाच्या अंतरंगात : लेखांक ११)

गेल्या आठवड्यात आपण युरेनियम-२३५ च्या केंद्रकाचे दोन तुकडे केले. त्यातून सरासरी २.४ न्यूट्रॉन सुटतात आणि त्यांतल्या एकाने जरी पुढचं केंद्रक फोडलं तरी साखळी चालू राहते, इथपर्यंत आपण आलो होतो. बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे अणुभट्टीची आकृती काढतात, त्यात कॅडमियमच्या किंवा बोरॉनच्या कांड्या दाखवतात आणि खाली लिहितात की कांड्या न्यूट्रॉन शोषून घेतात, म्हणून अभिक्रिया नियंत्रणात राहते. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळतात. माझ्या मते ते अर्धेच द्यावेत. निव्वळ कांड्यांच्या भरवशावर कोणालाही अणुभट्टी चालवता आली नसती.

गणित मांडून पाहू. न्यूट्रॉनांच्या एका पिढीमागे पुढची पिढी किती पट, त्याला गुणक म्हणू. गुणक नेमका १ असेल तर भट्टीची शक्ती स्थिर राहते. शक्ती वाढवायची तर कांडी जराशी वर उचलायची. समजा गुणक १.००१ झाला, म्हणजे हजार न्यूट्रॉनांचे पुढच्या पिढीत हजार-एक. वाढ क्षुल्लक वाटते. पण साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉन जन्मल्यापासून त्याने पुढचं विखंडन घडवेपर्यंत सेकंदाचा दहा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी वेळ जातो. एका सेकंदात दहा हजार पिढ्या! कॅलक्युलेटरवर १.००१ चा दहा हजारावा घात काढून बघा. उत्तर २२ हजारांच्या आसपास येतं. एका सेकंदात शक्ती २२ हजार पट, आणि कांडी पूर्ण खाली जायलाच सेकंद-दोन सेकंद लागणार. माणसाने धोक्याची घंटा ऐकून बटण दाबेपर्यंत तर भट्टीच उरायची नाही.

तरीही भट्ट्या चालतात. तारापूरला १९६९ पासून चालल्या आहेत. मग गणित चुकलं कुठे?

चूक गृहीतकात आहे. सगळे न्यूट्रॉन केंद्रक फुटतानाच सुटतात असं आपण धरलं. युरेनियम-२३५ च्या बाबतीत हजारातले ९९३ ते ९९४ तसे सुटतात खरे. उरलेले साडेसहा मागे राहतात. हे १९३९ मध्येच लक्षात आलं होतं. विखंडनाची बातमी जगभर पसरून काही आठवडेच झाले असतील, तेव्हा वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रिचर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की न्यूट्रॉनांचा मारा थांबवल्यावरही युरेनियममधून न्यूट्रॉन येत राहतात, आणि तेही मिनिटभराहून जास्त वेळ.

हे न्यूट्रॉन येतात कुठून, ते पाहण्यासारखं आहे. युरेनियम-२३५ मध्ये ९२ प्रोटॉन आणि १४३ न्यूट्रॉन असतात. मोठ्या केंद्रकाला टिकून राहायला न्यूट्रॉनांचं प्रमाण जास्त लागतं, लहानाला कमी. त्यामुळे मोठं केंद्रक फुटून झालेल्या लहान तुकड्यांकडे न्यूट्रॉनांचा फाजील साठा येतो. ब्रोमीन-८७ हा असाच एक तुकडा. निसर्गात आढळणाऱ्या स्थिर ब्रोमीनमध्ये ४४ किंवा ४६ न्यूट्रॉन असतात, याच्याकडे ५२. तो बीटा कण बाहेर टाकून क्रिप्टॉन-८७ होतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण शंभरातल्या दोन-तीन वेळा तयार होणारं क्रिप्टॉन इतक्या उत्तेजित अवस्थेत असतं की ते एक न्यूट्रॉनच फेकून देतं आणि मागे राहतं क्रिप्टॉन-८६, ज्यात ५० न्यूट्रॉन आहेत. ५० हा केंद्रकांचा आवडता आकडा, कारण तिथे न्यूट्रॉनांचं एक कवच पूर्ण भरतं. त्या कवचांबद्दल आपण सुरुवातीच्या लेखांत वाचलं आहे. इथे विद्यार्थ्यांची एक गल्लत होते, म्हणून सांगतो. क्रिप्टॉन न्यूट्रॉन सोडायला मुळीच वेळ लावत नाही. वेळ लागतो तो ब्रोमीनच्या बीटा ऱ्हासाला, आणि त्याचा अर्धायुष्यकाल आहे सुमारे ५५ सेकंद. असे अनेक तुकडे आहेत, काहींचा अर्धायुष्यकाल सेकंदाच्या अंशात मोजावा लागतो. सगळ्यांची सरासरी काढली तर मागे राहिलेला न्यूट्रॉन साधारण १३ सेकंद उशिरा येतो.

आता पिढीचा सरासरी काळ नव्याने काढा. हजारातले ९९३.५ न्यूट्रॉन प्रत्येकी ०.०००१ सेकंद घेतात, सगळ्यांचे मिळून ०.१ सेकंद. साडेसहा न्यूट्रॉन प्रत्येकी १३ सेकंद घेतात, त्यांचे मिळून जवळपास ८५ सेकंद. भागिले हजार : ०.०८५ सेकंद. पिढीचा काळ एका झटक्यात आठशे-साडेआठशे पट लांबला. सेकंदाला दहा हजार पिढ्यांऐवजी आता जेमतेम बारा. गुणक १.००१ असताना शक्ती सेकंदाला २२ हजार पट वाढत नाही, एक-सव्वा टक्का वाढते. एवढी वाढ पाहायला, विचार करायला आणि कांडी खाली घ्यायला पुरेसा अवधी मिळतो. लांब काठी तळहातावर उभी तोलता येते, पेन्सिल येत नाही. हात तोच असतो, पण काठी कलायला वेळ घेते.

एन्रिको फर्मींना हे पक्कं ठाऊक होतं. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली, स्क्वॅश खेळण्याच्या जागेत, ग्राफाइटच्या ठोकळ्यांचा आणि युरेनियमचा ढीग रचून त्यांनी स्वतःच्या बळावर चालू राहणारी पहिली साखळी सुरू केली. ढिगाला ना थंड करण्याची सोय होती, ना भोवती किरणांपासून संरक्षण देणारी भिंत. भर शहरात हे धाडस वेडेपणाचं वाटेल. पण फर्मींनी गुणक १.०००६ च्या आसपासच ठेवला होता आणि शक्ती दुप्पट व्हायला दोनेक मिनिटं लागत होती. २८ मिनिटं ढीग चालवून, अर्ध्या वॉटवर त्यांनी तो बंद केला.

या सगळ्या सोयीला एक अट आहे. वरची सरासरी चालते ती गुणक १.००६५ च्या बराच खाली असेपर्यंतच. त्या रेषेपलीकडे गेलं की मागे राहिलेल्यांची वाट पाहण्याची साखळीला गरजच उरत नाही. ताबडतोब सुटणारे न्यूट्रॉन एकटेच ती वाढवत नेतात आणि आपण पुन्हा पहिल्या भयंकर गणितात सापडतो. भट्टीवर काम करणारे या साडेसहा सहस्रांशाला ‘एक डॉलर’ म्हणतात आणि त्याच्या शंभराव्या भागाला ‘सेंट’. नेहमीच्या कामात सगळा व्यवहार सेंटांत चालतो. ३ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेतल्या आयडाहोत, सैन्याच्या एसएल-१ नावाच्या छोट्या भट्टीवर, देखभालीचं काम चालू असताना मधली कांडी हाताने उचलली गेली. ती दहाएक सेंटिमीटर उचलायची होती, उचलली गेली सुमारे पन्नास. तीन मेगावॉटची ती भट्टी चार मिलिसेकंदांत सुमारे २० हजार मेगावॉटवर पोचली. तिथे असलेले तिघेही मृत्युमुखी पडले. (बॉम्बमध्ये मागे राहिलेल्या न्यूट्रॉनांना काही कामच नसतं. ते येण्याआधी सगळं उरकलेलं असतं.)

भारताच्या दृष्टीने यात आणखी एक बाब आहे, आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. साडेसहा हा आकडा युरेनियम-२३५ चा. प्लुटोनियम-२३९ मध्ये हजारातले जेमतेम २.१ न्यूट्रॉन उशिरा येतात, आणि थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ मध्ये २.६. आपला तीन टप्प्यांचा अणुऊर्जा कार्यक्रम शेवटी याच इंधनांकडे जातो. कल्पाक्कमची कामिनी ही छोटी संशोधन भट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालली आहे, म्हणजे हे अशक्य नाही. पण चुकीला वाव इथे निम्म्याहून कमी असतो आणि यंत्रणेची रचना करताना तो हिशेब धरावाच लागतो. जड पाण्याच्या भट्ट्यांना, उदाहरणार्थ तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीला, थोडी जास्तीची मदत मिळते : तुकड्यांतून निघणारे जोरकस गॅमा किरण ड्युटेरियमचं केंद्रक फोडून काही न्यूट्रॉन आणखी उशिरा पुरवतात.

या आठवड्याचं गणित : प्लुटोनियम-२३९ साठी उशिराचा सरासरी काळ १५ सेकंद धरा आणि पिढीचा काळ काढा. उत्तर ०.०३ सेकंदांच्या आसपास यायला हवं. पुढच्या लेखात, सगळ्या कांड्या खाली टाकून साखळी थांबवली तरी इंधन तापतच का राहतं, ते पाहू.