दीर्घकालीन वेदना आणि भावनिक आरोग्य

प्रस्तावना

मराठीत डोके दुखते, पाठ दुखते आणि कुणाच्या बोलण्याने मनही दुखावते. शरीर आणि मन या दोहोंसाठी आपण एकाच मुळाचे शब्द वापरतो. तरीही प्रत्यक्षात एखाद्याचे दुखणे लांबले, की आपण लगेच विचारतो, "हे शरीराचे आहे की मनाचे?" हा प्रश्नच अपुरा का आहे, ते या पाठात समजून घेऊ. त्यासाठी वेदनेचे कार्य, तिचा भावनांशी असलेला संबंध आणि तिच्यासह जगण्याचे मार्ग असे तीन मुद्दे क्रमाने पाहू.

१. वेदनेचे कार्य

वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो आणि मोठी इजा टळते. या पहारेकऱ्याचे मोल कुष्ठरोगात कळते. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांतील चेतातंतूंना इजा करतात. मग चटका बसलेला समजत नाही, काटा रुतलेला समजत नाही. माणूस त्याच पायाने चालत राहतो आणि जखम चिघळत जाते. कुष्ठरुग्णांच्या हातापायांची बरीचशी हानी थेट जंतूंमुळे नव्हे, तर अशा न जाणवलेल्या इजांमुळे होते, हे वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले. तेथे आलेल्या अनेकांच्या हातापायांतील संवेदना गेलेली होती. खुद्द बाबांना मात्र मणक्याच्या विकारामुळे आयुष्याची अनेक दशके वेदना सोसावी लागली. बसणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले होते. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. एकाच ठिकाणी वेदनेची ही दोन टोके दिसतात : नसली तर घातक आणि हटली नाही तर छळणारी.

२. तात्कालिक आणि दीर्घकालीन वेदना

हाड मोडले, भाजले, शस्त्रक्रिया झाली की होते ती तात्कालिक वेदना. जखम भरते तशी ती ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. अन्य कोणत्याही आजाराने पुरेसा खुलासा होत नाही, अशी वेदना हाही तिचा एक प्रकार मानला आहे.

अशी वेदना होते कशी? संदेश सतत येत राहिले, तर मज्जारज्जू आणि मेंदूतील चेतापेशी अधिक संवेदनशील होऊ शकतात. मग साधा स्पर्श किंवा नेहमीची हालचालही दुखू लागते. चोर निघून गेल्यावरही धोक्याची घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार असतो. म्हणून एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये फारसे काही दिसले नाही, तरी वेदना खरीच असू शकते.

३. भावना वेदनेचाच भाग

वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येचा आशय असा, की वेदना हा शरीराला झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेसारखा जाणवणारा, अप्रिय असा संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव आहे. यातील 'आणि' महत्त्वाचा आहे. आधी शरीर दुखते आणि नंतर मन खचते, असा हा केवळ दोन पायऱ्यांचा व्यवहार नाही.

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण सिद्धांता'ने याचा खुलासा करण्यास सुरुवात केली. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक दार असते. शरीराकडून येणारे संदेश तेथून मेंदूकडे जातात. पण दार किती उघडायचे, हे मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांवरही अवलंबून असते. त्यातील तपशील पुढे बदलले, पण मूळ विचार टिकला. भीती, काळजी आणि अपुरी झोप यांनी वेदना वाढू शकते, तर सुरक्षिततेची भावना आणि कामातील गुंतणे यांनी ती कमी होऊ शकते.

४. दुष्टचक्र

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका विद्यार्थिनीची कंबर वर्षभर दुखते आहे. हालचाल केली तर इजा वाढेल, या भीतीने ती चालणे, खेळणे, मैत्रिणींत जाणे सोडते. स्नायू कमजोर होतात, म्हणून थोड्या श्रमानेही दुखते. रात्री झोप नाही, सकाळी चिडचिड, वर्गात लक्ष नाही. गुण घसरतात आणि "आपल्याने काही होणार नाही" ही भावना रुजते. त्या उदासीनतेत वेदना आणखी तीव्र भासते. चक्र पूर्ण होते.

त्यात आजूबाजूचे लोक भर घालतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखते कसे?", "नाटके करते", "दुर्लक्ष कर म्हणजे जाईल." दुखणाऱ्या माणसाला दुखण्याबरोबरच त्याचा पुरावाही देत बसावे लागते. मग अनेकजण, विशेषतः घरातल्या बाया आणि रोजंदारीवरचे मजूर, बोलणेच थांबवतात आणि दुखणे अंगावर काढतात. हा एकटेपणा नैराश्याला वाट करून देतो.

५. वेदनेसह जगताना

बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कन्याकुमारी ते काश्मीर अशी 'भारत जोडो' यात्रा काढली. बसणे शक्य नसल्याने ते वाहनात आडवे राहून प्रवास करत. ही गोष्ट सहसा मनोधैर्याचा धडा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातील व्यवस्थाही पाहा. काम शरीराला जुळवून घेतले होते आणि सोबत साधनाताई व अनेक सहकारी होते. त्यामुळे "बाबांनी सोसले, मग तुला काय झाले?" असे कुणाला सुनावणे चूक आहे. त्या माणसाला अशी जुळवाजुळव आणि अशी सोबत मिळाली आहे का, हे आधी विचारावे.

उपचारांतही हेच तत्त्व आहे. पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांकडून तपासणी. मनाने वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि मग चार दिवस अंथरूण धरायचे, यापेक्षा रोज थोडे आणि ठरावीक काम करणे हिताचे. भीतीचे विचार ओळखून तपासायला शिकवणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती अनेकांना उपयोगी पडते.

नैराश्यावरील काही औषधे चेतातंतूंच्या वेदनेवरही देतात, कारण मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांवर ती परिणाम करतात. अशी गोळी लिहून दिली म्हणजे डॉक्टरांनी वेदना खोटी ठरवली, असे नव्हे.

जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लगेच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

सारांश

दीर्घकालीन वेदनेत शरीर आणि मन वेगळे काढता येत नाहीत. मन खचले म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही आणि मनावर उपचार केले म्हणून शरीराकडे दुर्लक्ष झाले असेही होत नाही. वेदना पूर्ण गेली नाही, तरी झोप, हालचाल, काम आणि माणसांची सोबत परत मिळवता येते. उपचारांचे यश त्यावरूनही मोजावे.

स्वाध्याय

१. तात्कालिक आणि दीर्घकालीन वेदना यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. वेदनेच्या २०२० मधील व्याख्येत 'भावनिक' हा शब्द का महत्त्वाचा आहे?
३. विभाग ४ मधील विद्यार्थिनीचे चक्र कोणकोणत्या ठिकाणी तोडता येईल? त्यात तिचे महाविद्यालय काय करू शकेल?