उभ्या गाडीचा ताप

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीतल्या बायका बुलेटवर स्वार होऊन निघतात, तेव्हा सगळे कॅमेरे त्यांच्यावर असतात. खाली इंजिनाचे काय होते, हे कोणी बघत नाही. तास-दोन तास पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच आणि वेग चालणाऱ्या माणसाचा. हायवेवर ऐंशीने पळणे त्याच गाडीला यापेक्षा सोपे जाते. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्यांच्या नशिबी ही मिरवणूक रोजचीच. मग तक्रार सर्व्हिस सेंटरला जाते आणि "एवढी गरम होणारच, साहेब" हे उत्तर घेऊन परत येते. हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे तपासून घ्यायला हवे.

वारा नसला की

पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेचा फार तर पाव ते तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि सिलिंडर-हेडच्या धातूतून बाहेर पडते. एअर-कूल्ड इंजिनाच्या ब्लॉकवरच्या फिन त्यासाठीच असतात, पण त्यांना लागणारा वारा गाडी पळाली तरच मिळतो. गाडी उभी राहिली की तो थांबतो. ऑइल पंपही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे आयडलिंगला ऑइलही संथ फिरते.

मात्र आयडलिंगला पेट्रोलही थोडेच जळते. त्यामुळे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी सिग्नलला चार-पाच मिनिटे चालू राहिली म्हणून बिघडत नाही. घात होतो तो क्रमाने. आधी घाट चढून किंवा डबलसीट दामटून इंजिन चांगले तापते आणि लगेच पुढे ट्रॅफिक तुंबते. त्यात अर्धा क्लच. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना ऑइल एकच असते. घासणाऱ्या क्लच प्लेटची उष्णता त्याच ऑइलात उतरते, ऑइल पातळ होते आणि पातळ ऑइलाचा थर धातूला धातूपासून नीट वेगळा ठेवू शकत नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडी लायनरच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतो आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती संपली की पिस्टन जाम.

स्कूटर कशी तगते

ॲक्टिव्हाचे इंजिन तर चारी बाजूंनी झाकलेले, वारा लागायचा प्रश्नच नाही. तरी ती गर्दीत निवांत असते, कारण तिच्या क्रँकशाफ्टवरच पंखा बसवलेला आहे. इंजिन चालू तोवर पंखा चालू, गाडी पळो वा न पळो. आकुर्डीच्या जुन्या चेतकमध्येही हीच युक्ती होती. फ्लायव्हीलच्याच पात्या हवा ढकलत आणि पत्र्याचे आवरण ती सिलिंडरवर नेऊन सोडत असे. हे आवरण शोभेचे नाही. कामाच्या घाईत मेकॅनिकने ते बसवलेच नाही, तर पंखा फिरूनही हवा भलतीकडे जाते.

पाय भाजतात म्हणजे इंजिन तापले?

तक्रारींचा सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे. २०१३ साली भारतात आलेली, चाकणला तयार झालेली केटीएमची ३९० ड्यूक घ्या. ३७३ सीसीचे लिक्विड-कूल्ड सिंगल सिलिंडर. अशा गाडीत कूलंट शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवेचा झोत नडगीवर येतो. मालक म्हणतो इंजिन तापले. खरे तर इंजिन आपली उष्णता बाहेर टाकते आहे, ती येते आपल्या अंगावर. काळजी करायची ती पंखा लागलाच नाही तर. फ्यूज गेला, सेन्सर बिघडला, कूलंट उतरले किंवा रेडिएटर चिखलाने बुजला, तर पायाला काहीच जाणवत नाही आणि तापमानाचा काटा चढत जातो.

पण म्हणून मालकाची तक्रार खोटी ठरत नाही. चाळीस अंशांच्या उन्हात जीन्समधून पोळत असेल, तर तो रचनेतला दोष आहे. झोत कुठे सोडायचा, हे ठरवणे कंपनीच्या हातात असते. "नॉर्मल आहे" म्हणून तो विषय मिटत नाही.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी एक जुना मार्गही बंद केला. पूर्वी गाडी तापते म्हटले की मेकॅनिक कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून थोडे जास्त पेट्रोल सोडायचा, इंजिन जरा थंड चालायचे. आता मिश्रण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

हार्लेचा उपाय

अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या मालकांची हीच तक्रार फार जुनी. ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये एक सिलिंडर दुसऱ्याच्या मागे असतो. मागच्याला वारा कमी मिळतो आणि तो असतो नेमका मांडीखाली. त्यावर कंपनीने आणलेली तोड मजेदार आहे. गाडी उभी असताना तापमान मर्यादेपलीकडे गेले की मागच्या सिलिंडरचे इंधनच बंद होते आणि इंजिन एकाच सिलिंडरवर चालते. आवाज लंगडतो, अनभिज्ञ मालकाला तो बिघाड वाटतो. पुढे २०१४च्या मॉडेलांपासून काही टूरिंग गाड्यांच्या सिलिंडर हेडमध्ये कूलंट खेळवले गेले. रॉयल एनफिल्डनेही २०२३च्या हिमालयन ४५०साठी लिक्विड-कूल्ड इंजिन निवडले.

खरा ताप कसा ओळखावा

तापल्यावर न्यूट्रल लागत नाही, क्लच घसरतो, ॲक्सिलरेटर दिला तर टकटक येते आणि गाडी ओढ घेत नाही, ही लक्षणे पाय भाजण्यापेक्षा गंभीर. अशा वेळी सावलीत गाडी बंद करून थांबावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, रेडिएटरची टोपी तर मुळीच उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असते, ते उसळून हात-तोंड भाजते.

ऑइलची पातळी आधी बघावी. लहान गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल असते. त्यातले दोनशे मिलिलिटर कमी झाले तर पाचवा हिस्सा गेला. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे असेल तर गाडी बंद करावी. सकाळी स्टँडवर पाच-दहा मिनिटे गाडी गरम करत ठेवायची सवयही सोडावी. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धे मिनिट पुरते, पुढचे किलोमीटरभर सावकाश चालवली की झाले.

तक्रार करताना "खूप गरम होते" एवढेच सांगू नये. किती वेळ उभी होती, आधी कुठून आली, काटा कुठवर गेला, पंखा लागला का, हे जॉब कार्डवर लिहून घ्यावे. पंखा किती तापमानाला सुरू होतो, हे स्कॅनर लावून समोर दाखवायला सांगावे. सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम थोड्या वेळात होते, फक्त मागावे लागते.