अठरा संपली, पदवी बाकी

बालगृहातल्या मुलाची बारावी आणि अठरावा वाढदिवस बहुधा मागेपुढेच येतात. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो 'बालक' राहत नाही. संस्थेतली त्याची कॉट दुसऱ्या मुलाला मिळते. बेवारस सापडलेल्या मुलाचं तर जन्मसालही अनेकदा अंदाजाचं असतं. कागद नसले की दात आणि हाडांचा एक्स-रे पाहून डॉक्टर वय सांगतात आणि बालकल्याण समिती ते नोंदवते. तो अंदाज वर्षभराने पुढे गेला, तर मुलाच्या हक्काचं एक वर्ष कमी होतं. शाळेत उशिरा दाखल झालेल्यांची अठरा वर्षं तर दहावी-अकरावीतच भरतात.

पुढची सोय कायद्यात आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आर्थिक मदत देता येते. आपल्याकडे तिला 'अनुरक्षण' म्हणतात. ही मदत २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेऊन मेस लावली, की हे पैसे तिथेच संपतात. पुस्तकं, बसचा पास, मोबाइलचं रिचार्ज यांसाठी काम शोधावं लागतं आणि काम लागलं की लेक्चर बुडतात.

नातेवाइकांकडे वाढणाऱ्यांची गतही फार वेगळी नाही. बालसंगोपन योजनेत त्यांना महिना २,२५० रुपये मिळतात, पण तेही अठरापर्यंतच. मग घरात 'आता कमवायला लाग' सुरू होतं.

या प्रश्नाला महाराष्ट्रात तोंड फोडलं ते अमृता करवंदे हिने. गोव्यातल्या अनाथाश्रमात ती वाढली आणि अठराव्या वर्षी एकटी पुण्याला आली. दिवसा मिळेल ते काम आणि संध्याकाळी कॉलेज, असं करत तिने अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राअभावी तिची निवड अडली. हे प्रमाणपत्र आईवडिलांच्या उत्पन्नावरून मिळतं. जिला आईवडीलच ठाऊक नाहीत, तिने ते आणायचं कुठून? तिने हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. त्यातून २०१८ मध्ये शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आलं. २०२३ च्या शासन निर्णयाने लाभार्थ्यांचे 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' असे दोन गट केले. जुलै २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फीमाफी जाहीर झाली, तिच्यात या दोन्ही गटांतली अनाथ मुलं-मुलीही आहेत.

म्हणजे प्रवेशाचं दार उघडलं, फीही सुटली. पण आत गेल्यावर चार वर्षं टिकायचं कसं?

पहिली अडचण कागदांची. सगळ्या सवलतींची किल्ली म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. ते संस्थेत असतानाच काढून ठेवलं नाही, तर प्रवेशाच्या ऐन कॅप राउंडच्या धावपळीत मुलगा सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत बसतो. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा, जे त्याने सोडलेलं असतं. रॅगिंगविरोधी हमीपत्रापासून वसतिगृहाच्या अर्जापर्यंत जागोजागी पालकाची सही लागते, आणि सही करणारं माणूस दरवेळी नव्याने शोधावं लागतं.

दुसरी अडचण सुट्टीची. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद पडते. बाकीचे बॅगा भरून गावी जातात. याला मात्र पंधरा दिवस कुठे काढायचे, हा हिशेब आधीपासून मांडावा लागतो.

यावर तोडगा निघतो तो बहुधा माणसांच्या चिकाटीतून. सिंधुताई सपकाळांच्या संस्थांत वाढलेली मुलं शिकून वकील, डॉक्टर झाली. त्यातली काही संस्थेच्याच कामात उतरली, कारण सिंधुताई अठरा झाली म्हणून मुलांना परकं करत नव्हत्या. अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर दिव्यांग अनाथांना स्वतःचं आडनाव देतात. त्यांची दृष्टिहीन मुलगी माला २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. दिव्यांग अनाथांना अठरानंतरही संस्थेतच राहू द्यावं, असा कायदा व्हावा, ही बाबांची जुनी मागणी आहे.

इतर अनाथांसाठीही धोरण याच दिशेने जायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणातली ऑनर्स पदवी चार वर्षांची, इंजिनिअरिंग चार, एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच. अठराव्या वर्षी प्रवेश घेणारा यातलं काहीही एकविसाव्या वाढदिवसाआधी पुरं करू शकत नाही. तेव्हा मदतीची मुदत जन्मतारखेवर न ठेवता अभ्यासक्रमाच्या शेवटच्या निकालापर्यंत असावी. कॉलेजांना त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. वसतिगृहातल्या दोन खोल्या बारा महिने उघड्या ठेवाव्यात आणि एका प्राध्यापकाला पालक म्हणून सही करण्याचा अधिकार द्यावा. खर्च फार नाही, आणि प्राचार्यांनी ठरवलं तर हे येत्या जूनपासूनही होऊ शकतं.