मातीपासून मॅटपर्यंत (भाग ७): सोडलेली पकड

गेल्या आठवड्यात पकड घट्ट कशी करायची ते पाहिलं. आज ती सोडायची कशी, ते.

खराडी बायपासजवळ एका इमारतीच्या तळमजल्यावर ज्युदोचा वर्ग भरतो. पंचेचाळिशीत मी तिथे नाव घातलं. पहिला महिनाभर शिकवलं काय, तर पडायला. शाळकरी पोरं दोन दिवसांत शिकली. आयटी पार्कातून सुटून, नगर रस्त्याची गर्दी अंगावर घेऊन येणारे आम्ही मोठे मात्र अडलो. मोठा माणूस पडताना हात टेकवतो आणि सगळा भार मनगटावर घेतो. खरं तर हनुवटी छातीकडे घ्यायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा आणि अख्ख्या हाताने मॅटवर फटका मारायचा. धक्का अंगभर पसरतो. ताठरलेल्या अंगात तो एकाच जागी बसतो.

ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत सुरू केला. त्यांचा हिशेब मला फार आवडतो. समोरच्याचं बळ दहा, माझं सात. त्याने रेटलं आणि मीही रेटलं, तर मी हरणार. पण तो रेटतो तेवढाच मी मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो आणि दहातले तीनच हाताशी उरतात. माझे सात शाबूत. त्यातल्या निम्म्यात काम होतं. याला कुणी ‘ऊर्जेचा प्रवाह’ वगैरे म्हणू लागलं की मी खुर्ची मागे सरकवतो. भार पायांच्या बाहेर गेला की माणूस पडतो, एवढंच ते.

आपल्या तालमींना हे जुनंच. समोरचा अंगावर येतो तेव्हाच धोबीपछाड साधते. ताठ उभ्या गड्याला खांद्यावर घ्यायला जाल, तर तुमचीच पाठ धरेल.

खाशाबा जाधवांचा हातखंडा डाव ढाक. १९४८ ला लंडनमध्ये ते मॅटवर उतरले ते मातीची सवय घेऊन, आणि सहावे आले. मातीत चितपट होईपर्यंत दम धरता येतो. मॅटवर घड्याळ चालतं, गुण मोजले जातात. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला वाटतं, मधल्या चार वर्षांत त्यांनी मातीतली सबुरी सोडली असावी, ढाक नव्हे. काय ठेवायचं हे कळल्याशिवाय सोडण्याला अर्थ नाही.

माझं तसं नव्हतं. ऑफिसात टीमचा प्रत्येक मेल माझ्या नजरेखालून जायचा. मध्यंतरी तापाने पंधरा दिवस घरी पडलो. माझ्यामागे दोन चुका झाल्या, त्या पोरांनीच निस्तरल्या. आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा वर्गात अकरावीतल्या एका मुलीने मला खांद्यावरून टाकलं. फटका बरोबर पडला, श्वासही वेळेवर सुटला. खूश होऊन मी छताकडे बघत पडून राहिलो, तर ती वाकूनच उभी.

“काका, पडलात ना? आता तरी माझी बाही सोडा.”